एकतर्फी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत ते लोण नगर जिल्ह्यात शिरले आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जतकडच्या गावांपर्यंत पोचले. शाळेच्या इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून त्याला चार ओळी मिळतात. दंगा म्हटले की डोळ्यांपुढे रक्त येते. इथे रक्त फारच कमी सांडले. जमाव सावकाराच्या ओट्यावर जायचा, कर्जरोखे, खाती, हुकूमनामे बाहेर काढायला लावायचा आणि तिथेच त्यांची होळी करायचा. ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याला बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. जो नाही म्हणाला त्याची गंज नाहीतर घर पेटले. एकूण ९५१ माणसे धरली गेली.

कागद जाळले, कोर्ट जाळले नाही, ही गोष्ट मला नेहमी थबकायला लावते. वास्तविक त्या कागदांत धार आली होती ती कोर्टामुळेच. आणि ते कोर्ट जुनाट नव्हते, अगदी नवे कोरे होते. आपण आज ‘न्यायव्यवस्थेचे आधुनिकीकरण’ म्हणतो तसे एक आधुनिकीकरण नगर जिल्ह्यात एकदा होऊन गेले आहे. त्याचे काय झाले हे न पाहता दुसरे हाती घेणे म्हणजे मागचे खाते न उघडता नवा रोखा लिहून देण्यासारखे आहे.

पेशवाई बुडाल्यावर नगरला इंग्रजांचा कलेक्टर आला, पॉटिंजर त्याचे नाव. दख्खनचा कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनला पंचायती आवडायच्या. त्यांतले दोष ठाऊक असूनही त्या ठेवाव्यात असे त्याचे मत होते. पण १८२७ च्या नियमांनंतर पंचायत हळूहळू वाळत गेली आणि मुन्सफाचे कोर्ट उभे राहिले. १८५९ मध्ये दिवाणी कार्यपद्धतीची संहिता आली, त्याच साली मुदतीचा कायदाही आला. हा दुसरा कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. जुन्या कर्जावर वर्षानुवर्षे व्याज साचू नये म्हणून रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षे केली. सावकाराने त्यातून वाट काढली ती अशी: तीन वर्षे भरत आली की कुळाला बोलवायचे, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. कालचे व्याज आजचे मुद्दल. समजा शंभर रुपये शेकडा पंचवीसने घेतले आणि एक पैसाही फेडला नाही. तीन वर्षांनी रोखा १७५ चा झाला, सहा वर्षांनी ३०६ चा, नऊ वर्षांनी ५३५ च्याही पुढचा. आपल्याकडचा जुना दामदुपटीचा नियम सांगायचा की व्याज मुद्दलाएवढे झाले की थांबले. पण मुद्दलच दर तीन वर्षांनी नवे जन्माला येत असेल तर दामदुपट बिचारी धरणार कुणाला?

उरलेले काम समन्सने केले. कुळ राहायचे खेड्यात, कोर्ट तालुक्याला, दोघांमध्ये एक दिवसाची पायपीट आणि लिहिता-वाचता न येणारी माणसे. नोटीस बजावल्याच्या खोट्या नोंदी होतात अशा तक्रारी होत्या. नोटीस खरोखर हातात पडली तरी तिचे करायचे काय हे कुळाला कळत नव्हते. मग प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी मंजूर. त्या काळी हुकूमनाम्यापाठोपाठ अटकही होऊ शकत असे. त्यामुळे पुष्कळदा हुकूमनामा बजावायचीही गरज पडायची नाही. तो नुसता दाखवला की कुळ पुढच्या रोख्यावर अंगठा उठवायचे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. नगरचा एकोणिसाव्या शतकातला अनुभव तिच्या उलटा आहे. शहाणा ती पायरी रोज चढत होता. चढत नव्हता तो गरीब, आणि तो चढला नाही म्हणूनच बुडाला. ही म्हण त्याच्या कानात कुणी घातली असेल याचा मला कधी कधी संशय येतो.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. ही कोर्टे संथ नव्हती. एकतर्फी हुकूमनाम्याइतका जलद न्याय जगात दुसरा नाही. साक्ष नाही, उलटतपास नाही, दुसरी तारीखही नाही. प्रकरणे लवकर निकाली निघणे हाच कार्यक्षमतेचा निकष धरला तर १८७० च्या दशकातली दख्खनची दिवाणी कोर्टे पहिल्या नंबरात बसली असती.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चारच जिल्ह्यांसाठी होता. ‘शेतकऱ्यांना सवलती देणारा कायदा’ अशी त्याची ओळख करून दिली जाते. माझ्या मते ती अपुरी आहे. त्या कायद्याने न्यायाधीशाची बसायची पद्धत बदलली. तोवर न्यायाधीश समोर आलेला कागद खरा की खोटा एवढेच पाहत असे. आता त्याला कागदाच्या मागे जाणे भाग पडले. देवघेव मुळात कधी सुरू झाली, रोख किती दिले, व्याज किती चढवले, हे सगळे त्याने स्वतः उकलायचे. प्रतिवादी आला नाही म्हणून सुटका नाही. होता होईल तो त्याला बोलावून त्याची जबानी घ्यायची. हप्ते बांधून द्यायचे. कर्जापायी शेतकऱ्याला कैद नाही. खालच्या कोर्टाने दिलेला हुकूमनामा योग्य आहे ना, हे वरच्या न्यायाधीशाने दप्तर मागवून तपासायचे. १८८७ साली या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती रानडे यांची नेमणूक झाली आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयात जाईपर्यंत चार जिल्ह्यांतल्या कोर्टांची दप्तरे तपासत फिरणे हे त्यांचे काम होते. रानड्यांवर आपण सभा, परिषदा, प्रार्थनासमाज यांविषयी भरभरून लिहितो. तालुक्याच्या कोर्टात जाऊन कुणा कुळाच्या हुकूमनाम्याची बेरीज बरोबर आहे का हे पाहणारे रानडे मला अधिक जवळचे वाटतात.

हा कायदाही पुरा यशस्वी झाला नाही, हे सांगितले पाहिजे. कोर्ट गहाणखताच्या मागे जाते असे दिसल्यावर सावकाराने गहाणखत लिहायचेच सोडले आणि सरळ खरेदीखत करून घ्यायला सुरुवात केली. पैसे फेडलेस की जमीन परत, हे फक्त तोंडी. दाव्याआधी समेट घडवायला नेमलेल्या मंडळींपुढे सावकार आणि कुळ जोडीने हजर व्हायचे आणि आधीच ठरलेली कबुलायत नोंदवून जायचे, असेही पुष्कळ झाले. पण १८७९ च्या कायद्यात एक विचार होता, आणि तो आजच्या आधुनिकीकरणाच्या चर्चेत मला कुठे सापडत नाही. तो असा की न्यायाधीशापुढे दोन पक्ष सारखेच उभे आहेत असे मानून चालता येत नाही. जो आलेला नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याला हजर करणे हे कोर्टाचेच काम आहे.

आता दीडशे वर्षे पुढे. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येते. सतरा हजार चौरस किलोमीटरहून मोठा, चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला जिल्हा. जिल्ह्यातल्याच अकोले गावाहून नगरला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर इथे जिल्हा न्यायाधीश बसतात म्हणून बरे. मे २०२५ मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत राहुरीला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयही मंजूर झाले. उच्च न्यायालयात अपील करायचे तर औरंगाबादचे, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ गाठायचे. कागदावर हे अंतर फारसे नाही. पण ज्याची एक गाय वितेय आणि रात्रीच्या पाळीत विजेची मोटर चालू करायची आहे, त्याला एका तारखेसाठी अख्खा दिवस मोडणे म्हणजे काय, हे किलोमीटरमध्ये सांगता येत नाही.

ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून सुरू आहे. त्याच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. मी या प्रकल्पाचा टीकाकार नाही. पूर्वी तारीख काय पडली हे कळायला वकिलाच्या कारकुनाला चहा पाजावा लागे; आज प्रकरणाचा क्रमांक टाकला की मोबाइलवर दिसते. निकालाची प्रत घरबसल्या वाचता येते. देशातल्या जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबली आहेत आणि त्यांतली पन्नास लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत, हे कोणालाही, कोणत्याही दिवशी तपासून पाहता येते. आपले अपयश रोजच्या रोज चव्हाट्यावर मांडणारी सरकारी खाती आपल्याकडे फारशी नाहीत.

पण माझ्या मावशीची गोष्ट ऐका. तालुक्याचे नाव सांगत नाही. तिच्या दोन भावांमध्ये वाटपाचा दावा सुरू झाला. बहिणी म्हणून मावशी आणि तिची धाकटी बहीण या प्रतिवादी. समन्स निघाले ते माहेरच्या पत्त्यावर. घरातल्या प्रौढ माणसाने ते घेतले आणि बजावणी झाली अशी नोंद पडली. ते घेणारा माणूस म्हणजे दाव्यातला एक भाऊच. मावशी चाळीस वर्षांपासून सासरी राहते, तिकडे कोणी गेलेच नाही. आठ महिन्यांनी तिच्या पुतण्याने सहज म्हणून मोबाइलवर ई-कोर्टात मावशीचे नाव टाकून पाहिले, तर दावा निघाला आणि आदेशही निघाला: प्रतिवादी क्रमांक चारविरुद्ध एकतर्फी. यंत्राने खोटे काहीच सांगितले नव्हते. तिच्या गैरहजेरीत काय ठरले ते त्याने तारीखवार, स्वच्छ दाखवले. तिला हजर करणे हे त्याचे कामच नव्हते.

दिवाणी कोर्टात बहिणींचे असे पुष्कळ होते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या शंकाही मिटवल्या. कायदा आधुनिक झाला, यात वाद नाही. पण हिस्सा मागायला बहिणीने कोर्टात दिसावे लागते आणि दिसली की माहेर तुटते. म्हणून ती हक्कसोड पत्रावर सही करते, किंवा समन्स आले तरी जात नाही. एकतर्फी या शब्दाच्या मागे किती तऱ्हांची गैरहजेरी असते ते रोजनाम्यात लिहिले जात नाही.

नगरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने न्यायाचा बराचसा भाग न्यायालयात घडतच नाही, ही आणखी एक बाब आधुनिकीकरणाच्या आराखड्यांतून निसटते. त्याचे पहिले कोर्ट तहसीलदाराचे. वहिवाटीचा रस्ता अडवला की मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६, कलम पाच. बांधावरून नवा रस्ता हवा की जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. त्यावर प्रांतांकडे अपील नाहीतर फेरतपासणी, तिथून पुढे वर. उसाची तोड आली आहे, ट्रॅक्टर अडवला आहे आणि रस्त्याची केस चौथ्या वर्षात आहे, असे सांगणारी माणसे या जिल्ह्यात कुठल्याही गावात भेटतील. तहसीलदार हा न्यायाधीश म्हणून बसतो, पण सकाळी तो टंचाईच्या बैठकीत असतो, दुपारी व्हिडिओ कॉन्फरन्सला आणि निवडणूक लागली की दोन महिने कशालाच नसतो. ज्या अधिकाऱ्याला न्यायदान हे उरल्या वेळातले काम आहे, त्याच्या हातात शेतकऱ्याचे सगळ्यात जिव्हाळ्याचे तंटे आपण ठेवले आहेत. ई-कोर्टाचा कोट्यवधींचा खर्च या दारापाशी येऊन थांबतो, कारण हे दार न्याय खात्याचे नाही, महसूल खात्याचे आहे.

आणि या तंट्यांचे मूळ पुष्कळदा कुणाच्या दुष्टपणात नसते, नकाशात असते. जमिनीच्या एकत्रीकरणात गट पाडले तेव्हा कागदावर एकाचे नाव एका गटाला लागले आणि नांगर मात्र दुसऱ्याच गटात चालत राहिला. दोन पिढ्या कुणाचे काही बिघडले नाही. मग जमिनीला भाव आला, नातू शिकला, त्याने सातबारा काढला आणि दावा उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने सलोखा योजना आणली. बारा वर्षे एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांनी अदलाबदलीचा दस्त केला तर मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. न्यायसुधारणा म्हणून या योजनेवर कुणी परिसंवाद घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्या हिशेबी मात्र ती एखाद्या जलदगती न्यायालयाच्या तोडीची आहे, कारण ती दावा जिथे जन्मतो तिथे जाते. मोजणीच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने वाट पाहायला लावायचे, आणि तोवर पेटलेल्या बांधाच्या भांडणासाठी फौजदारी कोर्टात संगणक बसवायचे, यातला कोणता खर्च आधी करायला हवा होता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सावकारीच्या तंट्यांचेही तेच, तेही न्यायालयाबाहेर गेले आहेत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात अठरावे कलम आहे. बेकायदा सावकारीपोटी लिहून घेतलेले खरेदीखत पंधरा वर्षांच्या आतले असेल, तर सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ते अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देववू शकतो. म्हणजे १८७९ नंतर ज्या पळवाटेने सावकार निसटला, तीच वाट सव्वाशे-दीडशे वर्षांनी पुन्हा एकदा बुजवावी लागली. यात मला समाधान एवढेच आहे की कागदाच्या मागे जाण्याचा जुना विचार कुठेतरी जिवंत राहिला, जरी तो कोर्टाऐवजी एका उपनिबंधकाच्या टेबलावर येऊन पडला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग न्याय गावातच करा ना. २००७ साली आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, गावोगाव समित्या बसल्या, बक्षिसे मिळाली. बांधाची, भाऊबंदकीची कितीतरी भांडणे त्यातून मिटली हे खरे. फिलिपिन्समध्ये १९७८ पासून गावपातळीवर समेटाचा प्रयत्न झाल्याशिवाय बहुतेक किरकोळ दावे कोर्टात दाखलच होत नाहीत. आपल्याकडेही तसे करावे असे मलाही एकेकाळी वाटे. खर्ड्याच्या निकालाने ते मत मोडले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने सहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल दिले. २३ तारखेला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या खटल्याचा. २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या दलित शाळकरी मुलाला गावातल्या माणसांनी मारले असा आरोप होता. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. २९ तारखेला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्याचा. जुलै २०१६ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. न्यायालय एकच, कायदे तेच. कोपर्डीच्या मागे लाखालाखांचे मोर्चे होते, विशेष सरकारी वकील होते, सगळ्या राज्याची नजर होती, आणि साक्षीदार उभे राहिले. खर्ड्याच्या मागे एक बाप होता. दोन्ही मुलांचे दुःख तराजूत घालायचा हा प्रकार नाही. कोपर्डीच्या आईवडिलांना मिळाले ते मिळायलाच हवे होते. पण पुरावा कोर्टापर्यंत पोचतो की नाही हे रस्त्यावर किती माणसे उतरली यावर ठरत असेल, तर त्याला व्यवस्था कसे म्हणायचे?

साक्षीदार फितूर झाला असे आपण म्हणतो तेव्हा बोट त्याच्याकडे असते. तो राहतो त्याच गावात. त्याला पाणी त्याच विहिरीचे, किराणा त्याच दुकानातला, मजुरी त्याच शेतातली. त्याचे शरीर पिंजऱ्यात हजर होते आणि बाकी सगळे गैरहजर. खर्ड्याचा निकाल हाही एका अर्थी एकतर्फीच म्हणायचा. गावाला ‘सलोखा’ म्हणून जे काही हवे असते, त्यात गावकुसाबाहेरच्या माणसाने गप्प बसणे हा भाग पुष्कळदा गृहीत धरलेला असतो. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले त्यांवर गांधीवाद्यांनी नाके मुरडली होती. या जिल्ह्यात राहून मला ते शब्द अतिशयोक्तीचे वाटत नाहीत. नेवासे तालुक्यातल्या सोनईत २०१३ च्या पहिल्याच दिवशी तिघा दलितांचे खून झाले. तो खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालवला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथे शिक्षा झाल्या. न्याय गावाजवळ हवा, पण गावाच्या मुठीत नको, हा पेच आहे, आणि तो कुठल्याही ॲपने सुटणारा नाही.

साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना लागू केली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना बंधनकारक केली. कागद तीन झाले. पण मजुरी बुडणाऱ्या साक्षीदाराला तारखेच्या दिवसाचा भत्ता त्याच दिवशी हातात पडतो का? आरोपीच्या नातेवाइकांबरोबर त्याच एसटीने त्याला यावे लागते का? कोर्टाच्या आवारात दोघांना एकाच लिंबाखाली बसावे लागते का? या प्रश्नांची उत्तरे तीन कागदांत शोधून सापडत नाहीत. साक्षीदारासाठी वेगळी खोली, वेगळे दार आणि रोख भत्ता एवढ्याला ७,२१० कोटी लागत नाहीत.

नव्या संहितेत समन्स मोबाइलवरून पाठवता येते. झडतीचे चित्रण करावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने जागेवर जायचे आहे. युक्तिवाद संपल्यावर तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यायचा आहे. यातले पथकाचे कलम मला सगळ्यांत मोलाचे वाटते, कारण माणसाच्या जबाबावरचा भार तेवढा कमी होतो. रक्ताचा डाग फितूर होत नाही. मोबाइलवरच्या समन्सची मात्र धास्ती वाटते. नगरच्या खेड्यात एक मोबाइल घरात चौघांचा असतो, नंबर मुलाच्या नावावर असतो, आणि मुलगा चाकणला कंपनीत असतो. दोन निळ्या खुणा उमटल्या की बजावणी झाली असे धरायचे का? माहेरच्या पत्त्यावर पडलेले समन्स आणि मुलाच्या मोबाइलवर पडलेले समन्स यांत तंत्राचा फरक आहे, न्यायाचा काय आहे? फरार घोषित झालेल्या आरोपीचा खटला त्याच्या गैरहजेरीत चालवायची सोयही या संहितेने केली आहे. तिला अटी आहेत हे मान्य, पण दिशा कोणती ते दिसते.

न्यायाधीश वाढवा, हे मला मान्यच आहे. विधी आयोगाने १९८७ साली दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असे सांगितले, आपण विशीच्या आसपास रेंगाळतो आहोत. पण या मागणीत एक गृहीत असते की कोर्ट म्हणजे गिरणी, जास्त जाती बसवली की जास्त दळण निघेल. वेगाचा आग्रह मला समजतो. कोपर्डीत सत्र न्यायालयाचा निकाल सोळा-सतरा महिन्यांत लागला, पण मुख्य आरोपी सप्टेंबर २०२३ मध्ये येरवड्यात मरण पावला तेव्हाही उच्च न्यायालयात अखेरचा शब्द पडलेला नव्हता. हा उशीर कुणाच्याच भल्याचा नाही. तरीही वेगाच्या आधी मी विचारीन की हा वेग कुणासाठी. राष्ट्रीय लोकअदालतीत एका दिवसात हजारो प्रकरणे निकाली निघाल्याच्या बातम्या येतात. त्यांत बँकांची वसुली, धनादेश न वटल्याची प्रकरणे आणि वीजबिलांची थकबाकी किती हे पाहिले की तो दिवस मुख्यतः कुणाचा होता ते कळते. १८७० चे सावकार त्या मंडपात अगदी मोकळेपणाने वावरले असते.

मग करायचे काय, असे विचाराल तर माझ्याकडे मोठा आराखडा नाही. रानड्यांनी चार जिल्ह्यांत जे केले ते एका जिल्ह्यात करून पाहावे: वरच्या एका न्यायाधीशाने वर्षभर फक्त एकतर्फी आदेश तपासावेत. कोणत्या तालुक्यात किती, कुणाच्या विरुद्ध, बजावणी कुणी घेतली, प्रतिवादींत बाया किती, दलित-आदिवासी किती. राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर प्रकरण किती वर्षांचे आहे ते दिसते. कोण आले नाही, हे दिसत नाही. मोजायला लागलो की लाज वाटेल आणि लाज वाटली की बेलीफ मावशीच्या सासरपर्यंत जाईल. शिवाय कामकाज मराठीत चालवा. १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली. तरी आपल्यासमोर आपल्या शेताविषयी काय बोलणे चालले आहे हे न कळून वकिलाच्या तोंडाकडे पाहणारे लोक मी आजही पाहतो. समोर असून गैरहजर राहण्याचा हाही एक प्रकार.

अहिल्याबाई होळकरांचे नाव जिल्ह्याला दिल्यापासून त्यांच्या न्यायाच्या गोष्टी भाषणांत वारंवार येतात. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्याच तालुक्यात. रयतेची गाऱ्हाणी स्वतः बसून ऐकणारी राज्यकर्ती म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि तो खोटा म्हणायला कारण नाही. तरी असा न्याय त्या व्यक्तीबरोबर संपतो. पुढच्या राजाने तसेच ऐकावे याची कुठेही सोय नसते. १८७९ च्या कायद्याने ते ऐकणे न्यायाधीशाच्या मर्जीतून काढून त्याच्या कामात घातले, अर्धेमुर्धे आणि परक्या सरकारच्या धास्तीपोटी का होईना.

मावशीने एकतर्फी आदेश रद्द करायचा अर्ज दिला. पाचशे रुपये खर्चाच्या अटीवर तो मंजूर झाला आणि कैफियत द्यायला तारीख पडली. त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. वकील म्हणाले, “मावशी, आधार कार्डाची झेरॉक्स राहिली, पटकन आणा.” आम्ही रस्ता ओलांडून दुकानात गेलो. वीज गेलेली होती, दुकानदार म्हणाला येईलच. तिथून कोर्टाचा व्हरांडा दिसत होता. शिपाई बाहेर आला, त्याने पुकारा केला, मावशीचे माहेरचे आडनाव घेऊन, जे तिने चाळीस वर्षांत वापरलेले नव्हते. दुसऱ्यांदा केला. मावशी मला म्हणाली, “कुणाला बोलावतोय रे तो?”